विकतचं गवत

कॅल न्यूपोर्टचं ‘डीप वर्क’ मी दोनदा वाचलंय. पहिल्यांदा 2020 साली, लॉकडाऊनमध्ये, पहिली नोकरी जेमतेम वर्षाची असताना. दुसऱ्यांदा 2023च्या पावसाळ्यात, ती नोकरी गेल्यावर. पहिल्या वाचनात पुस्तकातला तिसरा नियम मला सगळ्यात जास्त पटला होता. दुसऱ्या वाचनात नेमका तिथेच अडकलो आणि अजून पुरता सुटलेलो नाही.

नियम साधा आहे: सोशल मीडिया सोडा. न्यूपोर्ट जॉर्जटाउन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा सल्ला मोबाइलला घाबरणाऱ्या एखाद्या आजोबांचा नाही. पुस्तक 2016 सालचं. त्याच वर्षी त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येही हाच मुद्दा मांडला. त्याचं म्हणणं असं की, बाजारात किंमत असते ती दुर्मीळ आणि उपयोगी कौशल्याला. पोस्ट टाकणं, लाइक करणं कुणालाही जमतं, म्हणून त्याला किंमत नाही. उलट त्यात लक्षाचे तुकडे होतात आणि ते दुर्मीळ कौशल्य कमवायला लागणारी एकाग्रताच मोडते. चांगलं काम करा, लोक तुम्हाला शोधत येतील.

साधन कसं निवडावं याच्या दोन पद्धती तो सांगतो. एक आपली नेहमीची: काहीतरी फायदा होतोय ना, मग वापरा. दुसरी कारागिराची: आधी आपल्या कामातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी ठरवायच्या आणि साधनाचा त्यांना होणारा फायदा तोट्याहून बराच जास्त असेल, तरच ते हातात घ्यायचं. ज्याची खात्री नाही ते तीस दिवस बंद ठेवायचं, कुणाला न सांगता. मग स्वतःला विचारायचं: ते असतं तर हा महिना खरंच बरा गेला असता का? आणि मी तिथे नव्हतो याचं कुणाला काही वाटलं का?

मी हे केलं. सांगून टाकतो, याचा उपयोग होतो. आमच्याकडे एक रिपोर्ट दर सोमवारी रखडायचा आणि सगळे सर्व्हर वाढवा म्हणत होते. इन्स्टा आणि ट्विटर नसलेल्या त्या महिन्यात मी पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमधलं व्हॅक्यूमचं प्रकरण संध्याकाळी बसून सलग वाचून काढलं. आमच्या कोडमध्ये एक ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडंच राहत होतं, त्यामुळे टेबलातल्या मेलेल्या ओळी साफ होत नव्हत्या. दुरुस्ती चार ओळींची होती. ती सापडायला लागलेली सलग तीन संध्याकाळची शांतता मला त्याआधी कधी मिळालीच नव्हती. एकाग्रतेबद्दल न्यूपोर्ट जे म्हणतो त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते ‘लोक शोधत येतील’ या वाक्याशी.

2023मध्ये आमचा प्रोजेक्ट बंद झाला. एका कॉलवर वीस मिनिटांत विषय संपला. व्हॅक्यूम समजणारा इंजिनिअर म्हणून मला कुणी शोधत आलं नाही. कंपन्यांच्या करिअर पानांवर अर्ज भरत सुटलो. बहुतेक ठिकाणांहून मशीनने पाठवलेला नकार आला, काही ठिकाणांहून तोही नाही. माझं कॉलेज मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावचं. कॅम्पसला एकच मोठी कंपनी यायची आणि पोरं घाऊक उचलून न्यायची. त्यापलीकडच्या कंपन्यांमध्ये आमच्या कॉलेजचं आधी कुणी गेलेलं नाही. घरात इंजिनिअर झालेला मी पहिला. आपल्याकडे नोकरीच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘कुणी ओळखीचं आहे का?’ माझ्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं होतं.

शेवटी नोकरी कशी लागली? दोन वर्षांपूर्वी लिंक्डइनवर पोस्टग्रेसबद्दलच्या कुणाच्या तरी पोस्टखाली एका मुलीशी माझा कॉमेंटमध्ये वाद झाला होता. वाद सभ्य होता, तिचं बरोबर होतं. नंतर आमचं बोलणं तीन-चार वेळाच झालं असेल. तिला मेसेज टाकला, तिने रेफरल दिला, बाकीच्या फेऱ्या मी काढल्या. तिला मी आजवर प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

याला समाजशास्त्रात जुनं नाव आहे. मार्क ग्रॅनोव्हेटरने 1973 साली ‘कमजोर धाग्यांची ताकद’ या अर्थाच्या नावाचा एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नव्या नोकरीला लागलेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, ज्याच्याकडून खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात? वारंवार, असं म्हणणारे 16.7 टक्के. अधूनमधून, 55.6 टक्के. क्वचित, 27.8 टक्के. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर लांबच्या ओळखीकडून येते.

ही गोष्ट लिंक्डइनवर तपासून झालेली आहे. 2022 साली ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. 2015 ते 2019 या काळात, जगभरातल्या दोन कोटी लोकांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून कोण दाखवायचं, हे मुद्दाम बदलून पाहिलेलं होतं. निष्कर्ष असा की नोकरी बदलायला घट्ट ओळखींपेक्षा कमजोर ओळखी जास्त कामी येतात. अगदीच तुटक नाही, बेताच्या कमजोर. आणि हा परिणाम आमच्यासारख्या डिजिटल धंद्यांत जास्त दिसतो. (आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या दोन कोटींना कुणी सांगितलं नव्हतं. माझं खातं तेव्हाचंच आहे. मीही त्यातली एक ओळ असेन कदाचित.)

न्यूपोर्टच्या पुस्तकात ज्यांचं ट्विटरवाचून अडत नाही म्हणून उदाहरणं दिलीत ते कोण? माल्कम ग्लॅडवेल, मायकेल लुईस, जॉर्ज पॅकर. हे सगळे आधीच सापडलेले लोक आहेत. त्यांच्या पाठीशी मोठी मासिकं आहेत, प्रकाशकांचे प्रसिद्धी विभाग आहेत. ग्लॅडवेलला ट्विटरची गरज नाही यावरून लातूर-परभणीच्या पोराला लिंक्डइनची गरज नाही असं सिद्ध होत नाही.

म्हणजे मी सोशल मीडियाच्या बाजूने आहे का? तसंही नाही. कारण त्या रेफरलची किंमत मी फक्त मिनिटांत मोजलेली नाही.

नोकरी गेली तेव्हा मी लिंक्डइनवर पोस्ट टाकली होती. तिथे पोस्ट लिहायची एक रीत आहे. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर. सुरुवात धक्क्याने, मध्ये थोडं दुःख, शेवटी धडा. राग कुठेच नाही. मीही तसंच लिहिलं: या प्रवासाबद्दल कंपनीचा मी अत्यंत आभारी आहे, किती शिकायला मिळालं, वगैरे. चुलतभावाने त्याचा स्क्रीनशॉट मराठीत समजावून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांचा फोन आला. म्हणाले, “काढून टाकलंय नं त्यांनी? मग आभार कशाचे मानायलास?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. राग दाखवणारा माणूस पुढच्या कंपनीला नको असतो, हे खरं उत्तर आहे, पण ते बाबांना सांगायची लाज वाटली. न्यूपोर्टच्या हिशोबात लक्ष आहे, वेळ आहे. स्वतःच्या बाबतीत घडलेली गोष्ट दुसऱ्याला आवडेल अशा खोट्या भाषेत सांगायची सवय लागते, ती त्या हिशोबात नाही. माझ्या मते ती वेळेपेक्षा महाग आहे. ती पोस्ट मी अजून काढलेली नाही. अठरा हजार लोकांनी पाहिली असं ॲप सांगतं. त्यातून एकही नोकरी आली नाही. नोकरी आली ती त्या एका मेसेजमधून, आणि तो लिहायला दहा मिनिटं लागली होती.

मग फक्त मेसेज ठेवावेत आणि फीड टाकून द्यावी? मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या मुलीची ओळख झाली ती फीडमध्ये, दुपारच्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसून बोट फिरवताना. ओळख आणि टाइमपास हे दोन्ही त्या कंपनीने एकाच पुडीत बांधून विकायला ठेवलेत. वेगळे मिळत नाहीत.

आता परत न्यूपोर्टकडे, कारण या गुंत्याची किल्ली त्याच्याच पुस्तकात आहे आणि त्याने ती वापरलेली नाही. कारागिराच्या पद्धतीसाठी तो व्हर्जिनियातल्या फॉरेस्ट प्रिचर्ड या शेतकऱ्याचं उदाहरण देतो. प्रिचर्डच्या जनावरांना हिवाळ्यात वाळलं गवत लागतं. त्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र घ्यावं का? प्रिचर्ड सगळा हिशोब मांडतो, खर्च, वेळ, जड यंत्राने दबणारी जमीन, आणि ठरवतो की यंत्र घ्यायचं नाही. गवत विकत आणायचं.

पहिल्या वाचनात मी इथे मान डोलावली होती. दुसऱ्या वाचनात शेवटचं वाक्य दिसलं. विकत आणायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे तरी ते यंत्र आहे! आमच्या गावात मळणीयंत्र मोजक्यांकडे आहे. बाकीचे, माझे बाबा धरून, पोत्यामागे पैसे मोजून सोयाबीन काढून घेतात. बाबांचा निर्णय शहाणपणाचाच आहे, पण मळणीयंत्र निरुपयोगी आहे असं त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सुगीत यंत्रवाल्याला रात्रीची झोप नसते, हे त्यांना दिसतं.

न्यूपोर्टलाही गवत विकतच मिळतं. त्याचं सोशल मीडियावर खातं नाही, पण हे मला कळलं कुठे? यूट्यूबवर, त्याच्या टेडएक्सच्या भाषणात. ते भाषण माझ्यापर्यंत आणलं ते दिवसभर तिथे पडीक असलेल्या माणसांनी. त्याच्या लिखाणात या माणसांची नोंद नाही.

माझा एक बॅचमेट आहे. माझ्याहून हुशार, हे मी विनयाने म्हणत नाही. आमची केटीची गणितं त्यानेच सोडवून दिली होती. कुठेच खातं नाही. ‘डीप वर्क’ मला त्यानेच दिलं. मागच्या वर्षी त्याला नोकरी बदलायची होती. रेफरल मी दिला, म्हणजे मी तीन वर्षं फीडमध्ये घालवून जमवलेल्या ओळखींपैकी एकाला सांगून. नोकरी त्याने स्वतःच्या जोरावर मिळवली. पाच फेऱ्यांत त्याला कुणी अडवू शकलं नाही. पण मुलाखतीच्या खोलीपर्यंत त्याचं नाव माझ्या यंत्रावर गेलं. आता आमच्या दोघांपैकी न्यूपोर्टचा खरा शिष्य तो, आणि त्याचा पुरावाही तोच. मी त्या उदाहरणात कुठे बसतो, याचा विचार मी हल्ली करतो. त्याचा मला राग नाही. थोडा हेवा आहे.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. धाकटा भाऊ यंदा पास होतोय, तुझ्या त्या लोकांत कुठे काही दिसतंय का बघ. रेझ्युमे पाठवला. ॲप उघडून योग्य माणूस शोधायला मला वीस मिनिटं लागली. त्यातली चार कामाची होती.