कायद्याचा शब्द आणि मातीची साक्ष : मध्ययुगीन आयर्लंडच्या पुरातत्त्वीय अभ्यासाचे परीक्षण

इ. स. ४०० ते ११०० या कालखंडातील आयर्लंडविषयी लिखित साधनांची चणचण नाही. इतिवृत्ते, संतचरित्रे आणि विशेषतः कायदेग्रंथ यांचा विपुल साठा तेथे उपलब्ध आहे. या समृद्धीचा परिणाम मात्र काहीसा विपरीत झाला. ग्रंथांत आधीच वाचलेल्या गोष्टींना दुजोरा देणे, एवढेच पुरातत्त्वाचे काम मानण्याची सवय अभ्यासकांना जडली. मीथ काउंटीतील लॅगोर येथील उत्खनन (१९३४-३६) हे याचे ठळक उदाहरण होय. ह्यू ओ'नील हेन्केन यांनी या सरोवरातील वसतिस्थानाच्या थरांचा काळ इतिवृत्तांतील नोंदींशी जुळवून ठरविला. एखाद्या स्थळाचा उल्लेख प्रथम येतो तेव्हाच तेथील वस्ती सुरू होते, असे थोडेच आहे? पुढील संशोधकांनी या कालनिश्चितीवर घेतलेले आक्षेप रास्तच म्हणावे लागतील.

हीच प्रवृत्ती अधिक सूक्ष्म रूपाने मॅथ्यू स्टाऊट यांच्या 'द आयरिश रिंगफोर्ट' (१९९७) या ग्रंथात आढळते. मातीचा वर्तुळाकार बांध आणि खंदक यांनी वेढलेली शेतकरी कुटुंबांची अशी ४५ हजारांहून अधिक वसतिस्थाने आयर्लंडमध्ये असल्याचे त्यांनी दाखविले व त्यांतील बहुसंख्य इ. स. ६०० ते ९०० या काळातील ठरविली. हे कार्य मोलाचे आहे. परंतु या वसतिस्थानांचे आकार व स्थाने यांची सांगड कायदेग्रंथांतील सामाजिक दर्जांशी घालताना युक्तिवाद सैल होतो. प्रत्यक्ष उत्खनन झालेली स्थळे एकूण संख्येच्या मानाने अत्यल्प आहेत. शेजारची दोन वसतिस्थाने एकाच पिढीत नांदती होती, हे केवळ नकाशावरून सांगता येत नाही.

ग्रंथ आणि माती यांचा खरा संवाद पाहावयाचा असेल, तर ॲन्ट्रिम काउंटीतील डिअर पार्क फार्म्सकडे वळले पाहिजे. क्रिस लिन यांनी १९८४ ते १९८७ या काळात तेथे उत्खनन केले. पाणथळ थरांमुळे घरांच्या विणलेल्या कुडाच्या भिंती टिकून राहिल्या होत्या. भिंती दुहेरी होत्या आणि ऊब राहावी म्हणून मधल्या पोकळीत गवतासारखा पालापाचोळा भरलेला होता. एका दरवाजाच्या चौकटीचे ओक लाकूड इ. स. ६४८ मध्ये तोडल्याचे वृक्षवलयांवरून निश्चित झाले. मानवी उवा व पिसवा यांचे अवशेषही मिळाले. असा तपशील कोणत्याही कायदेपंडिताने नोंदविला नसता. इ. स. ७०० च्या सुमाराच्या 'क्रीथ गब्लाख' या दर्जाविषयक ग्रंथात सधन शेतकऱ्याचे घर २७ फुटांचे आणि त्याला जोडून दुसरे लहान घर सांगितले आहे. एकमेकांना चिकटलेली, इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराची घरे येथे सापडली. म्हणजे रचना जुळते. मापे मात्र सहजी जुळत नाहीत. २७ फूट म्हणजे आजच्या हिशेबाने आठ मीटरांहून अधिक. एवढे मोठे गोल घर उत्खननांत विरळाच. तेव्हाचा फूट आखूड होता, किंवा ग्रंथकाराने प्रत्यक्षाऐवजी आदर्श लिहिला. दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो, कारण संपूर्ण ग्रंथालाच कोष्टके रचण्याचा सोस आहे.

धान्याबाबतही मातीने जुने चित्र बदलले. गुरे हेच त्या समाजाचे धन, ही समजूत गाईंच्या अस्थींवरून बरीच खरी ठरते. तथापि महामार्गांच्या बांधकामापूर्वी झालेल्या उत्खननांत धान्य सुकविण्याच्या भट्ट्या मोठ्या संख्येने उजेडात आल्या, आणि नेन्ड्रम मठाची भरती-ओहोटीवर चालणारी गिरणी इ. स. ६१९ इतकी जुनी ठरली. गंमत अशी, की भट्टी व गिरणी यांतील शेतकऱ्याचा हिस्सा 'क्रीथ गब्लाख'मध्येच नमूद आहे. गुरांच्या हिशेबात गुंतलेल्या वाचकांनी त्याला पुरेसे महत्त्व दिले नाही.

दोन्ही साधने तोकडी पडतात ती मुक्त नसलेल्या माणसांपाशी. 'कुमल' या शब्दाचा मूळ अर्थ दासी. कायद्यात तो मूल्य मोजण्याचे एकक म्हणून येतो, आणि त्या एककात जमिनीचीही किंमत सांगितली जाते. ही स्त्री कोठे झोपत होती, काय खात होती, हे ग्रंथ सांगत नाहीत. बंदिस्त वसतिस्थानांवरच दृष्टी खिळविणारे पुरातत्त्वही तिच्यापर्यंत पोचत नाही. बांध-खंदक नसलेल्या, जमिनीवर खूण न उरलेल्या वस्त्या शोधल्याखेरीज हा प्रश्न पुढे सरकणार नाही. तूर्त हाती आहे ती लॅगोरच्याच चिखलात सापडलेली, माणसाच्या गळ्यात अडकविण्याची लोखंडी कडी आणि साखळी.