लहान प्राण्याचे माप : ‘मायक्रोलाइव्हस्टॉक’ या ग्रंथातील कृंतक-विभाग

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली प्रसिद्ध केलेला ‘मायक्रोलाइव्हस्टॉक’ हा ग्रंथ पशुसंवर्धनविषयक वाङ्मयात एका विशिष्ट विचाराचा प्रतिनिधी म्हणून ओळखला जातो. अल्पभूधारकास गाय किंवा म्हैस पाळणे परवडत नाही. तिला लागणारे भांडवल मोठे, चारा पुष्कळ आणि ती दगावली तर होणारी हानी भरून न येणारी. मांसासाठी मोठे जनावर मारले तर शीतगृहावाचून ते टिकवता येत नाही. उलट लहान प्राणी एका कुटुंबाच्या एका जेवणापुरता असतो. या भूमिकेवरून ग्रंथात ठेंगण्या गाईंपासून मधमाश्यांपर्यंत अनेक प्राण्यांचा परामर्श घेतला आहे. त्यांत सर्वांत धाडसाचा भाग कृंतकांचा, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचा. अगूटी, कॅपिबारा, कॉयपू, आफ्रिकेतील महामूषक, ग्रासकटर, गिनीपिग, हुतिया, मारा, पाका व व्हिस्काचा अशा दहा प्राण्यांना येथे स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत.

या विभागाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. उंदीर-घुशींच्या कुळातील प्राण्याचे मांस हा विषय विद्वानांच्या सभेत हास्यास्पद किंवा किळसवाणा ठरत असे. वस्तुतः दक्षिण अमेरिका आणि पश्चिम आफ्रिका येथील कोट्यवधी लोकांच्या आहारात त्याला जुने व मानाचे स्थान आहे. कुस्कोच्या मुख्य चर्चमध्ये मार्कोस झापाता याने अठराव्या शतकात रंगवलेल्या ‘अंतिम भोजना’च्या चित्रात ताटात ठेवलेला प्राणी गिनीपिग असल्याचे सामान्यतः मानले जाते. लोकांच्या या अन्नाला शास्त्रीय चर्चेत आणण्याचे काम ग्रंथाने निःसंकोचपणे केले. प्रत्येक प्राण्याच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादाही नोंदवल्या, हा त्याचा प्रामाणिकपणा होय.

तथापि ग्रंथाचा दोष त्याच्या मांडणीतच आहे. प्रत्येक प्रकरण जवळजवळ एकाच साच्यात बसवले आहे : रूप, आढळ, निवासस्थान, जीवनक्रम, उपयोग, संगोपन, लाभ, मर्यादा. हा साचा कोशाला शोभतो. परंतु त्यामुळे हजारो वर्षे माणसाळलेला गिनीपिग आणि अरण्यात एकाकी राहणारा पाका हे जणू एकाच पायरीवरचे उमेदवार ठरतात. कृंतक म्हणजे झपाट्याने वाढणारी प्रजा, ही सामान्य समजूत येथे मुळीच चालत नाही. पाकाची मादी एका वेतात बहुधा एकच पिलू देते. ग्रासकटर व कॅपिबारा यांचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा आहे. गिनीपिगचा गर्भकाळही सुमारे ६८ दिवसांचा, आणि वेतात पिले दोन-तीनच. असे असता अँडीज पर्वतातील घराघरांत तोच का टिकला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्राण्याच्या शरीररचनेपेक्षा त्या घराच्या रचनेत शोधावे लागते.

अँडीजमधील पारंपरिक पद्धतीत गिनीपिग स्वयंपाकघरातच राहतो. चुलीची ऊब त्याला थंडीपासून वाचवते; भाज्यांच्या साली व बांधावरचे गवत हा त्याचा चारा. तो उंच उडी मारीत नाही, म्हणून उंबरठ्याजवळची बुटकी आडभिंत त्याला अडवण्यास पुरते. मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. पिले डोळे उघडे आणि अंगावर केस असलेली जन्मतात व लवकरच गवत खाऊ लागतात. त्याची निगा मुख्यतः स्त्रिया व मुले राखतात. पाहुणा आला, सण आला किंवा चार पैशांची निकड लागली, तर कोणता प्राणी द्यावयाचा हे गृहिणी ठरवते. प्राणी लहान असणे याचा खरा अर्थ येथे उलगडतो. किलोंच्या मापाने तो हलका आहेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, तो स्त्रीच्या हातातील धन आहे. ग्रंथाच्या साच्यात ‘संगोपन’ हा शब्द आहे. संगोपन करणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र स्वतंत्र रकाना नाही.

यावरून स्वयंपाकघरातील पद्धत निर्दोष होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मोठी वाढलेली जनावरे आधी खाल्ली वा विकली जात आणि खुरटी पैदाशीसाठी मागे राहत. जवळच्या नात्यातील संकरामुळे वाण खालावत असे. साल्मोनेलाच्या साथीत सारे घर रिकामे होई. पेरूतील आरेकिपा भागात, रक्त पिणाऱ्या कीटकांमार्फत पसरणाऱ्या चागास रोगाचे जंतू घरच्या गिनीपिगमध्ये वस्ती करतात, हेही संशोधनाने दाखवले आहे. सुधारणेची गरज होतीच. पेरूच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने अनेक दशकांच्या निवडपैदाशीनंतर २००४ साली ‘पेरू’ नावाचा जलद वाढणारा वाण प्रसृत केला. परंतु सुधारित वाणाला लसूणघास, खुराक, पिंजरा व निगराणी लागते. शिवाय गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यामुळे रोजचा हिरवा चारा कोणाला तरी कापून आणावाच लागतो. सालींवर जगणाऱ्या प्राण्यास पाण्याखालील जमिनीतील चारा लागू लागला, की तो कोणाच्या मालकीचा राहतो, हा प्रश्न उपस्थित होतो. चाऱ्याचे मांसात रूपांतर किती, हे गणित त्यास उत्तर देऊ शकत नाही.

कॉयपूचे उदाहरण याहून बोलके आहे. कातड्यासाठी हा प्राणी १९२९ साली ब्रिटनमध्ये आणला गेला. तो निसटून पाणथळ प्रदेशांत पसरला आणि १९८१ ते १९८९ या काळात मोहीम काढून त्याचे निर्मूलन करावे लागले. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातही त्याने दलदलीतील वनस्पतींचा विध्वंस मांडला. तेथे त्याचे मांस लोकप्रिय करण्याचा प्रयत्न झाला. मांस सकस असूनही लोकांनी ते स्वीकारले नाही. अखेर २००२ पासून प्रत्येक शेपटीमागे शासनाने इनाम देण्यास आरंभ केला. प्रथिनांचा हिशेब बरोबर असला तरी रुची आज्ञेने उत्पन्न होत नाही, हे त्यावरून दिसते.

काँगोच्या पूर्व भागातील दक्षिण किवूमध्ये मात्र याच्या उलट घडले. युद्ध आणि लुटालूट यांमुळे मोठी जनावरे राखणे जेथे कठीण झाले, तेथे गिनीपिग घरोघरी आढळतो. तो चटकन लपवता येतो, स्वयंपाकघरातील टाकाऊ अन्न व गवत यांवर वाढतो आणि विकून किरकोळ खर्च भागवता येतो. अँडीजमधील विधी व परंपरा यांपैकी काहीही तेथे नव्हते. तरीही तो रुजला, कारण घराची गरज आणि प्राण्याचा स्वभाव यांची सांगड बसली.

एदमुंदो मोरालेस यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या गिनीपिगविषयक ग्रंथाशी तुलना केल्यास उणीव अधिक स्पष्ट होते. त्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच रोगोपचार, अन्न आणि विधी हे तीन विषय एकत्र आहेत. रोग्याच्या अंगावरून गिनीपिग फिरवून निदान करणाऱ्या समाजात त्या प्राण्याची किंमत केवळ मांसावरून ठरत नाही. मोरालेस यांच्याकडे एकच प्राणी आहे, परंतु त्याच्याभोवती माणसे आहेत; ‘मायक्रोलाइव्हस्टॉक’मध्ये प्राणी अनेक आहेत आणि माणसे पुसट झाली आहेत.

सारांश, संदर्भग्रंथ म्हणून कौन्सिलच्या या कृतीचे मोल कमी होत नाही. योजनेचा पाया म्हणून मात्र ती वापरण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक प्राण्यापुढे तीन प्रश्न मांडणे आवश्यक आहे : त्याचे गवत कोण कापणार, तो विकण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो निसटला तर कोणाचे शेत खाणार. ज्या प्राण्याबाबत या प्रश्नांची उत्तरे गरीब घराला अनुकूल असतील, त्यालाच पशुधन ही संज्ञा लावणे युक्त होईल.