प्रतिस्पर्ध्याच्या हातून उतरलेला चेहरा

व्यक्तिचित्राचे मोल ठरविताना आपण प्रथम साम्य पाहतो. ते कोणी काढले, हे मागाहून विचारतो. विल्यम हॉजेस (१७४४-१७९७) या चित्रकार-प्रवाशाच्या छापील व्यक्तिचित्रापुढे हा क्रम उलटावा लागतो.

लंडनच्या एका लोहाराचा हा मुलगा कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत (१७७२-७५) चित्रकार म्हणून गेला. पुढे १७८० ते १७८३ तो हिंदुस्थानात हिंडला आणि येथील ४८ दृश्ये त्याने छापून प्रसिद्ध केली. वास्तुशिल्पी जॉर्ज डान्स १७९३ पासून आपल्या समकालीनांचे चेहरे पेन्सिलीने, एका बाजूने रेखाटीत असे. ती रेखाटने विल्यम डॅनियलने ताम्रपटावर उतरविली आणि १८०९ व १८१४ या वर्षांच्या दोन खंडांत ती निघाली. हॉजेसचा चेहरा त्यांतच आहे.

हा डॅनियल म्हणजे हॉजेसचा प्रतिस्पर्धी. चुलते टॉमस यांच्यासह तो १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरला. हॉजेसची चित्रे सोबत बाळगून, त्याच स्थळी उभे राहून, दोघांनी त्यांतील चुका हेरल्या. गोदाकाठच्या आपणा गेवराईकरांना हे डॅनियल अगदीच परके नाहीत. जेम्स वेल्सने प्रत्यक्ष काढलेल्या रेखाटनांवरून वेरूळच्या लेण्यांची चित्रमाला १८०३ साली छापली, ती टॉमस डॅनियलनेच.

आता चित्राकडे पाहू. ताम्रपटावर मऊ लेप देऊन त्यावर कागद ठेवतात व पेन्सिलीने रेखाटतात. कागद उचलला की रेघेपुरता लेप सुटतो आणि तेवढाच पत्रा आम्ल खाते. म्हणून छापातही पेन्सिलीचा खरखरीतपणा राहतो. येथे जहाज नाही, रंगपाटी नाही, पराक्रमाची एकही खूण नाही. हेच या पद्धतीचे बळ आणि हीच तिची उणीवही. सर्वांना एकच साचा मिळाल्यामुळे दूर देश पाहून आलेला हा माणूस शेजारच्या पानावरील गृहस्थाहून निराळा वाटत नाही.

तरीही चित्र मनात ठसते, ते त्यातील संयमामुळे. ज्याच्या चित्रांत दोष काढले, त्याच्या चेहऱ्यात डॅनियलने व्यंग शोधले नाही. हॉजेस तेव्हा हयात नव्हता. त्याचा शेवटही पराभवाचा होता. युद्ध व शांती यांचे परिणाम दाखविणारे त्याचे प्रदर्शन १७९५ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कच्या रोषामुळे बंद पडले. त्याने कुंचला टाकला, पेढी काढली. १७९७ मध्ये तीही बुडाली आणि त्याच वर्षी तो वारला. अशा माणसाला हिणविणे सोपे होते.

हॉजेसने १७८७ मध्ये प्रतिपादले होते की, हिंदू, इस्लामी वा गॉथिक वास्तूंना ग्रीक मोजपट्टी लावू नये. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६३ मध्ये, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपलीच म्हणून स्वीकारलेली नाही, असे सांगितले. परक्याला त्याच्याच मापाने मोजावे, हा हॉजेसचा आग्रह होता. डॅनियलने तोच न्याय हॉजेसला दिला.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. साक्ष केवळ जिभेने होत नाही. ती रेघेनेही होते. मतभेद राखूनही माणसाचा चेहरा निर्मळ ठेवता येतो, हे हा लहानसा छाप दाखवितो. आपल्या धर्मग्रामांतील वादांतही एवढे साधले, तर या चित्राचा आस्वाद सार्थकी लागेल.