रघुवीर यादव : भोळेपणाच्या आड

जबलपूरच्या रघुवीर यादव यांच्याविषयी लिहिताना ‘साधा’, ‘भोळा’, ‘मातीतला’ ही विशेषणे ठरल्यासारखी येतात. हेतू कौतुकाचा असला, तरी या नटाचे खरे काम त्याने झाकले जाते.

कोवळ्या वयात घर सोडून ते पारशी पद्धतीच्या फिरत्या नाटक कंपनीत गेले. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि तिथल्या रंगमंडळात बरीच वर्षे राहिले. कंपनीने त्यांना गाता गळा दिला. कॅमेऱ्यासमोर आवाज उतरला, पण सुराची जाण टिकली. त्यांचे संवाद अर्थाइतकेच चढउतारांतून कळतात.

प्रदीप कृष्ण यांच्या ‘मॅसी साहब’मध्ये (१९८५) ते ब्रिटिश अमदानीतल्या कचेरीतले कारकून आहेत. रस्ता व्हावा म्हणून मॅसी हिशेबात फिरवाफिरवी करतो आणि साहेब आपला आहे, असे मनापासून धरून चालतो. त्याची लबाडी आणि निष्ठा यांना यादव वेगळे होऊ देत नाहीत. १९८७ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेला रौप्य मयूर मिळाला.

‘सलाम बॉम्बे’तला (१९८८) चिलम आपल्यावर जीव लावणाऱ्या पोराचेच पैसे व्यसनात घालवतो. ‘पीपली लाइव्ह’मधला (२०१०) बुधिया तर धाकट्या भावाला आत्महत्येकडे ढकलतो. मी मरतो, असे नत्था म्हणताच बुधियाच्या बोलण्यात दुःखाआधी घाई येते. बडा फुहाऱ्याच्या बाजारात सौदा पटल्यावर गिऱ्हाइकाने मन बदलू नये म्हणून दुकानदार पुडी बांधायला घेतो, तशी ही घाई आहे. गरिबी माणसाला उदात्तच करते, हा आपला सोयीचा समज त्या क्षणी मोडतो. यादव बुधियासाठी दया मागत नाहीत आणि त्याला खलनायकही करत नाहीत.

म्हणूनच ‘पंचायत’मधले (२०२० पासून) त्यांचे प्रधानपती आवडूनही थोडी रुखरुख लागते. पत्नीच्या नावावर कारभार हाकणाऱ्या या माणसात धार होती. लेखनाने ती मायेने बोथट केली. यादव नजरेतून तिची आठवण करून देतात, पण मालिकेला ती फारशी नको असते.

त्यांना भोळे म्हणणे सोपे आहे. त्यांची माणसे हिशेबी आहेत. फक्त त्यांच्या हाती हिशेब करण्याजोगे फार थोडे उरले आहे.