खारीचा वाटा आणि विजेचं बिल

आजचा विषय घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा आहे, तसा दानाचाही आहे.

17 मे 1999 रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शास्त्रज्ञांनी ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचे तुकडे जगभरच्या घरगुती यंत्रांकडे पाठवायचे आणि परक्या बुद्धिमान जीवांची खूण मिळते का ते तपासायचं. पन्नास लाखांहून अधिक लोक यात आले. खूण काही सापडली नाही, आणि 31 मार्च 2020 ला नवी कामं वाटणं थांबलं. पण यातूनच निघालेल्या ‘बॉइंक’ या व्यवस्थेवर इतर प्रकल्प चालू राहिले.

या सगळ्यांचं आवाहन एकच: तुमचं यंत्र रिकामं बसलंय, तेवढा वेळ आम्हाला द्या. आपल्याला तपासायचाय तो हा ‘रिकामा’ शब्द.

रिकामी खोली कुणाला दिली तर ती आधीपासून तिथे असते. प्रोसेसरचं तसं नाही. तो स्वस्थ असतो तेव्हा वीज कमी घेतो, कामाला लावला की जास्त घेतो. म्हणजे आपण देतो ती उरलेली वस्तू नव्हेच. ती वीज जाळून नव्याने तयार होते. जुन्या यंत्राने समजा 60 वॉट जादा घेतले आणि ते रात्रंदिवस चाललं, तर दिवसाला 1.44 युनिट, महिन्याला 43 युनिट झाले. तेवढ्या विजेत नवं यंत्र कितीतरी जास्त काम उरकतं. शिवाय प्रत्येक कामाला मुदत असते. ती चुकली की तेच काम दुसऱ्याकडे जातं, आणि आपली वीज बहुधा वाया.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, खारीचा वाटा मोजायचा नसतो! कबूल. पण खारीला सेतू कुठे चाललाय ते ठाऊक होतं. इथे सहभागी माणसाला बहुतेक वेळा दिसतो तो क्रेडिटचा आकडा. आकड्यांची चढाओढ लागली की दानाची स्पर्धा होते, आणि कशासाठी देतोय हा प्रश्न मागे पडतो.

मग हे सगळं फोल का? तसंही नाही. 2010 मध्ये ‘आइनस्टाइन ॲट होम’ने अरेसिबोच्याच नोंदींतून एक नवा पल्सार शोधला. तो अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थांच्या कॉम्प्युटरवर सापडला. दोन ठिकाणी का? तर एकच काम दोघांकडे देऊन उत्तरं ताडून पाहायची पद्धत होती. अनोळखी माणसावर विश्वास टाकायचा, पण पडताळूनच, हा धडा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनाही घेण्यासारखा आहे. आणि त्या सहभागींना श्रेय नावानिशी मिळालं.

म्हणून आपली टीका दानावर नाही, ते फुकटचं आहे या समजुतीवर आहे. किती खर्च होतो, कशासाठी होतो आणि निष्कर्ष कुणाला मिळतो, हे तिन्ही माहीत असताना दिलं तर ते दान. जुनं यंत्र असेल तर बॉइंकमध्ये प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा घालता येते, ती जरूर घाला. आणि हिशेब करून यंत्र बंदच ठेवावंसं वाटलं, तर त्यातही कमीपणा मानू नका. विज्ञानाला आपल्या विजेची गरज असेल, पण आपल्या विवेकाची जास्त आहे.