'काशे'मधला मजीद

रहस्यपट पाहताना प्रेक्षकाला सर्वप्रथम एक संशयित हवा असतो. प्रेक्षकाच्या याच गरजेचा उपयोग मिखाएल हानेके यांनी 'काशे' (२००५) या फ्रेंच चित्रपटात वंशद्वेषाची चिकित्सा करण्यासाठी केला आहे. शीर्षकाचा अर्थ 'दडवलेले'. या चित्रपटासाठी त्यांना कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

दूरचित्रवाणीवर साहित्यचर्चेचा कार्यक्रम चालविणाऱ्या जॉर्जच्या पॅरिसमधील घरी निनावी चित्रफिती येऊ लागतात. त्यांत त्याच्याच घराचे समोरून केलेले निश्चल चित्रण असते. सोबत तोंडातून रक्त येणाऱ्या मुलाचे बालिश रेखाचित्र. जॉर्जला मजीद आठवतो. मजीदचे अल्जीरियाई आईवडील जॉर्जच्या घरच्या शेतावर राबत असत. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, अल्जीरियाई लोकांवर लादलेल्या संचारबंदीच्या निषेधार्थ पॅरिसमध्ये मोर्चा निघाला. पोलीसप्रमुख मोरिस पापाँ यांच्या पोलिसांनी त्यावर हल्ला चढवला. अनेक देह सेन नदीत गेले. मजीदचे आईवडील त्या दिवशी गेले ते परतलेच नाहीत. पोरक्या मजीदला दत्तक घेण्याचे घाटत असता सहा वर्षांच्या जॉर्जने खोटेनाटे सांगून त्याची रवानगी अनाथाश्रमात घडवून आणली.

सहा वर्षांच्या मुलाला दोषी कोण धरील? चित्रपटाचा रोख त्या मुलावर नाही, प्रौढ जॉर्जवर आहे. हाती पुरावा नसताना तो मजीदच्या दारी जाऊन धमकावतो. आपला मुलगा एका रात्री घरी येत नाही, तेव्हा मजीदला व त्याच्या मुलाला पोलिसांकरवी कोठडीत टाकवतो. मुलगा मात्र मित्राकडे सुखरूप असतो. रस्त्यात आडव्या आलेल्या कृष्णवर्णीय सायकलस्वारावरही तो असाच खेकसतो. ग्रंथांनी भरलेल्या दिवाणखान्यातील हा सुसंस्कृत गृहस्थ संशयाची दिशा आधीच ठरवून बसला आहे. आणि आपणही त्याच्याबरोबर मजीदवर संशय घेऊ लागतो, ही या मांडणीची खरी ताकद आहे.

तरीही एक आक्षेप उरतो. मजीदला स्वतःचे आयुष्य कुठे आहे? प्रौढ मजीद जॉर्जवाचून दिसतो तो एकदाच, एका चित्रफितीत, एकटा रडताना. त्याच्या मुलाला तर नावही नाही. श्रेयनामावलीतही तो 'मजीदचा मुलगा' एवढाच. ही उणीव जॉर्जच्या दृष्टीची आहे आणि ती मुद्दाम दाखविली आहे, असे समर्थन करता येईल. ते आम्हांस बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु मजीद जॉर्जसमोर स्वतःचा गळा कापून घेतो, तेथे हे समर्थन अपुरे पडते. एका माणसाचा अंत दुसऱ्याच्या अपराधभावनेची सामग्री होतो, आणि प्रेक्षकही मृतापेक्षा साक्षीदाराचाच विचार करीत राहतो.

या तोलाची काहीशी दुरुस्ती अखेरीस होते. लहानग्या मजीदला अनाथाश्रमाची माणसे नेतात, तो पळतो, पकडला जातो, गाडीत कोंबला जातो. कॅमेरा दूर उभा असतो, पार्श्वसंगीत नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी १९६१ चे ते गुन्हे अक्षम्य असल्याचे मान्य केले. चित्रपट त्यापूर्वी सोळा वर्षे येऊन गेला होता. चित्रफिती कोणी पाठवल्या, हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. ते कळले असते तर प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून मजीदला विसरला असता, असे आम्हांस वाटते.