एका अपराधाची दोन मापे

लोकप्रिय कादंबरीकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. वळलेच तर नाक मुरडण्यापुरते. मिसेस हेन्री वुड यांच्या 'ईस्ट लिन'च्या वाट्याला हेच आले. एका प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखित वाचणाऱ्या जॉर्ज मेरेडिथ यांनी ते नाकारले. तरी १८६१ साली कादंबरी तीन खंडांत निघाली, आणि पुढे कित्येक वर्षे इंग्लंडमधील वाचक व नाटकांचे प्रेक्षक तिच्यावर अश्रू ढाळीत राहिले. हे अश्रू कुणासाठी होते आणि कुणासाठी नव्हते, एवढाच प्रश्न आम्ही येथे हाती घेत आहोत.

कथानक थोडक्यात असे. लेडी इझाबेल व्हेन ही एका उधळ्या अर्लची एकुलती कन्या. बाप कर्जबाजारी होऊन मरतो. सावकार त्याच्या मृतदेहावरही जप्ती आणतात. राहता वाडा कार्लाइल नावाच्या वकिलाने आधीच गुपचूप विकत घेतलेला असतो. निराधार इझाबेल नातलगांकडे निघते तेव्हा तो तिच्या हाती शंभर पौंडांची नोट ठेवतो, आणि पुढे तेथील छळातून सोडविण्यासाठी तिला मागणी घालतो. ती होकार देते. पण तिचे मन फ्रान्सिस लेव्हिसन या देखण्या, कुलीन आणि दुर्वर्तनी पुरुषाकडे ओढलेले असते. काही वर्षांनी, पतीविषयीच्या खोट्या संशयाने पेटून, ती तीन मुलांना मागे टाकून लेव्हिसनबरोबर निघून जाते.

या विवाहाचा पाया लेखिकेने किती व्यवहारी दृष्टीने घातला आहे, ते पाहण्यासारखे आहे. सरदार घराण्याचा वाडा वकिलाच्या पैशाने टिकतो आणि त्याच घराण्याची कन्या वकिलाच्या संसारात येते. तेथे कार्लाइलची बहीण कॉर्नेलिया तिला येता-जाता खर्चाची जाणीव करून देते. आपण या घराला भार झालो आहोत, असे इझाबेलला वाटू लागते. उलट बाजूला लेव्हिसन. इझाबेलचा घटस्फोट झाल्यावरही तो तिच्याशी लग्न करीत नाही. तोवर तो बॅरोनेट झालेला असतो, आणि जुन्या घराण्याच्या वारसाला घटस्फोटिता शोभत नाही, हे त्याचे उत्तर. मिसेस वुड यांच्या जगात प्रेमाची बोलणी अशी दरवेळी प्रतिष्ठेच्या हिशेबाशी येऊन थांबतात.

पुढची शिक्षाही याच हिशेबात होते. फ्रान्समधील रेल्वे अपघातात इझाबेलचे तान्हे मूल दगावते, तिचा चेहरा विद्रूप होतो आणि जग तिला मृत समजते. मुलांच्या ओढीने ती नाव बदलून, निळा चष्मा लावून, स्वतःच्याच घरी मुलांची गव्हर्नेस म्हणून परतते. तेथे आता कार्लाइलची दुसरी पत्नी बार्बरा नांदत असते. गव्हर्नेस म्हणजे घरच्यांत न मोडणारी आणि नोकरांतही न बसणारी बाई. १८३९ च्या कायद्याने इंग्लंडमधील मातेला लहान मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयाकडे दाद मागता येऊ लागली होती. पण व्यभिचार सिद्ध झालेल्या मातेला ती वाट बंद होती. आईपणाचा हक्क गमावलेल्या स्त्रीला आपल्याच मुलांजवळ पगारी नोकर म्हणूनच राहता येते. मुलगा विल्यम क्षयाने मरतो, तेव्हाही तिला आपली ओळख देता येत नाही. हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी वाचणे कठीण आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण याच कादंबरीत अ‍ॅफी हॅलिजॉन नावाची आणखी एक मुलगी आहे. ती कार्लाइलच्या कारकुनाची लेक. खोट्या नावाने वावरणारा लेव्हिसन तिलाही भुलवितो, तिच्या बापाचा खूनही तोच करतो, आणि ती काही काळ त्याच्याच आश्रयाला राहते. पुरुष एकच, फसवणूकही एकच. मात्र इझाबेलच्या वेळी लेखिका कथा थांबवून वाचिकेला थेट हाक मारते आणि संसार कितीही असह्य झाला तरी सोडू नकोस, असे कळवळून बजावते. अ‍ॅफीच्या वेळी तिच्या वाट्याला थट्टा येते: तिचे झालरींचे झगे, तिचा नखरा, बड्या घरची बाई म्हणून मिरविण्याची तिची हौस. तिची बहीण जॉइस मात्र लेखिकेच्या आदरास पात्र ठरते, कारण ती आपली चाकरीची पायरी कधी सोडीत नाही. एकीचे पतन शोकांतिका होते, दुसरीचे प्रहसन. लेखिकेची ती कळवळ्याची हाक घरंदाज बाईसाठी होती. कारकुनाच्या मुलीला ती कुणी मारलीच नाही.

यावर कुणी म्हणेल, अ‍ॅफी तर सुखरूप सुटते; जिफिन या भोळ्या चीजविक्रेत्याशी तिचे लग्नही ठरते. मरते ती इझाबेल. हा आक्षेप योग्य आहे, आणि तो आम्हांला अधिक विचारात पाडतो. इझाबेलला क्षमा मिळते ती मरणशय्येवर. तोवर तिचा चेहरा, नाव आणि दोन मुले गेलेली असतात. अ‍ॅफीला क्षमा करायची गरज कुणाला वाटत नाही, कारण तिच्याकडून कसली अपेक्षाच नव्हती. ज्याची इज्जत मोजली जात नाही, त्याचा अपराधही मोजला जात नाही. अ‍ॅफीला जगण्याची मोकळीक मिळते, ती या उपेक्षेतून.

पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांची 'लेडी ऑडलीज सीक्रेट' आली. तीत गरीब गव्हर्नेस पहिला नवरा हयात असताना बॅरोनेटची पत्नी होते. गव्हर्नेसची तीच पायरी. इझाबेल तिच्यावर उतरते, लुसी तिच्यावरून चढते. चढणाऱ्या लुसीला वेडी ठरवून बेल्जियममधील वेड्यांच्या इस्पितळात कायमचे ठेवण्यात येते; तपासणारा डॉक्टर मात्र आरंभी तिला वेडी म्हणायला तयार नसतो.

मिसेस वुड यांना उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. पतित स्त्रीच्या दुःखाला त्यांनी घराघरांतून अश्रू मिळवून दिले, हे लहान काम नव्हे. पण 'ईस्ट लिन' हाती घेणाऱ्या वाचकांना आमची एकच विनंती आहे. विल्यमच्या उशाशी रडून झाल्यावर अ‍ॅफीची पाने पुन्हा उलटावीत, आणि पहिल्या वाचनात आपण तेथे हसलो होतो काय, हे स्वतःस विचारावे. आम्ही हसलो होतो.